बसम्माच्या कॅप्सूलबाबत माझे म्हणणे

म्हणणे देणार: मी, दिगंबर मारुतीराव, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जलेखन, राहणार उमरगा तालुक्यातील सीमेकडचे एक गाव.

ज्यांचे नुकसान झाले त्या: एक, बसम्मा, धंदा कडक भाकरी करून विकणे. दोन, आमच्या आरोग्य केंद्रातील तेव्हाच्या डॉक्टर मॅडम. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. ते मी एकदा नको तिथे पुष्कळ वेळा लिहून चुकलो आहे.

ज्याच्याविरुद्ध म्हणणे आहे तो: वर नमूद केलेला मीच.

साक्षीदार: महादेवी, बसम्माची मुलगी. तिला यातले काहीही माहीत नाही.

दिनांक: तुरीच्या काढणीपासून पुढे. नेमकी तारीख मी मुद्दाम टाकत नाही. तारीख टाकली की मजकूर खरा वाटू लागतो, आणि या मजकुराला माझ्या हातची ती सवलत मिळू नये.

हे आजवर मी कोणालाही सांगितलेले नाही. घरात नाही, तहसीलच्या आवारात नाही, देवापुढेही नाही — देवापुढे बसलो की मी दुसऱ्यांच्याच तक्रारी मांडत बसतो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तरी तुमच्यावरही माझा पुरता विश्वास बसलेला नाही. हे वाचून तुम्ही कोणाशी बोलाल, माझ्याबद्दल कोणत्या सुरात बोलाल — हे आत्ता लिहितानाही माझ्या मनात चालू आहे.

मनाला ती खोड धंद्याने लावली. तहसीलच्या आवारात लिंबाखाली माझे टेबल आहे. माणूस येतो, म्हणतो काम अडलंय. मी पहिला प्रश्न विचारतो — कोणी अडवलं? दुसरा — त्याचा त्यात फायदा काय? फायदा सापडला की अर्ज आपोआप उभा राहतो. शाळा मी नववीत सोडली, परंतु माझा मसुदा शिकलेले वकीलसुद्धा दोनदा वाचतात. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी कधी कोणाची दुरुस्ती केलेली नाही.

शिवाय माझी आई सीमेपलीकडची, त्यामुळे कन्नड मला घरातच मिळाली. आमच्या भागात याचे महत्त्व काय आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. कन्नड बोलणारे म्हातारे माणूस सरकारी खोलीत गेले की त्याची जीभ माझ्याकडे सोपवलेली असते. साहेब मराठीत बोलतात, मी कन्नडमध्ये सांगतो; माणूस कन्नडमध्ये रडतो, मी मराठीत कळवतो. मधल्या जागेत काय गळते आणि काय भरले जाते, हे पाहणारे तिसरे कोणी नसते. तुम्ही कधी अशा जागेवर बसला आहात का? बसला असाल, तर पुढचे तुम्हाला माझ्या आधी कळेल.

बसम्मा आवाराच्या मागच्या बोळात राहते. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि दिवसभर चुलीपुढे. तिच्या कडक भाकऱ्या पापडासारख्या पातळ; हमरस्त्यावरच्या ढाब्यांना तिच्या चळतीच्या चळती जातात. चुलीत तुरीच्या वाळक्या तुराट्या. त्या धुरात तिने नवऱ्याच्या मागे उभे आयुष्य काढले. मराठी तिला भाकरीच्या व्यवहारापुरती येते. मी तिला अक्का म्हणतो, ती मला तम्मा म्हणते — म्हणजे धाकटा भाऊ. दुपारचे जेवण माझे तिच्याकडेच. मी जेवताना ती मला गावातल्या भानगडी विचारायची आणि मी ज्या थाटात उत्तरे द्यायचो तो थाट पाहून हसायची. “तम्मा, तू तहसीलदार झाला असतास तर तहसील बुडाली असती,” असे म्हणायची. कन्नडमध्ये ते अधिक लागते.

तिला दम लागू लागला. आधी भाकऱ्या उचलताना, मग थापताना, मग नुसते बसल्या बसल्या. छातीतून शिट्टी वाजायची. मी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेलो.

तिथे डॉक्टर मॅडम नवीन आल्या होत्या. वय लहान, बोलणे स्वच्छ, कोकणाकडच्या असाव्यात. मी बसम्माच्या पुढे होऊन तिची हकीकत सांगू लागलो, तर त्यांनी मान वर करून विचारले, “तुम्ही पेशंटचे कोण?” मी म्हणालो, “मी अर्जलेखक आहे.” त्या म्हणाल्या, “मग जरा बाहेर बसा ना.”

मी बाहेर बसलो. बाकावर ओळखीचे लोक होते. एकाने विचारले, “का वो वकीलसाहेब, आत येऊ दिलं न्हाय व्हय?” मी वर्तमानपत्र पाहत असल्याचे दाखवले.

थोड्याच वेळात त्यांनी मला परत बोलावले. बसम्माला त्यांची मराठी कळत नव्हती, त्यांना बसम्माची कन्नड. त्यांनी खुर्ची दिली, “मघाशी बाहेर बसवलं, राग मानू नका” असेही म्हणाल्या. मी राग मानला होता. आणि तो घेऊनच त्या खुर्चीवर बसलो.

त्यांनी टेबलावर प्लास्टिकचे एक लहान मशीन ठेवले, शेजारी कॅप्सुलांची डबी. मशीन कसे उघडायचे, कॅप्सूल कुठे बसवायची, फिरवून ती कशी फोडायची, मग मशीन ओठांत धरून श्वास जोरात आत कसा ओढायचा, छातीत थोडा कसा धरायचा, नंतर चूळ कशी भरायची — सारे दाखवले. हे दोन्ही बाहेरच्या दुकानातून आणावे लागेल, केंद्रात सध्या शिल्लक नाही, असे म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळल्या, “यांना नीट समजावून सांगा.”

खोलीत गर्दी होती. दारातून लोक डोकावत होते, एक लेकरू रडत होते. त्या गडबडीत त्यांचे एखादे वाक्य माझ्या कानांतून निसटले असेल — असे मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे.

बाहेरच्या दुकानातून, हे मात्र मी नक्की ऐकले. तिथे माझे मन थांबले. औषध बाहेरून, वर मशीनही बाहेरून — म्हणजे दुकानदाराशी काही ठरलेले असणार. कॅप्सूल मी आयुष्यभर पाहिली आहे. कॅप्सूल गिळतात. तिच्यासाठी मशीन कशाला? मशीन खपवण्यासाठी. मी तीन वाक्यांत प्रकरण ओळखले, आणि ओळखल्याचे समाधान मला इतके झाले की पुढचे विचारायची गरजच वाटली नाही.

बसम्मा माझ्याकडे पाहत होती. “काय म्हणते ती पोरगी?”

मी तिला कन्नडमध्ये सांगितले — सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल, बिसिनीरात. बिसिनीर म्हणजे गरम पाणी. गरम पाण्यासोबत गिळायची.

“आणि हे खेळणं?”

“ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी आहे.”

हे वाक्य कोठून आले? डॉक्टर मॅडम तसे बोलल्या नव्हत्या. ते पूर्णपणे माझे होते, आणि ते मी इतक्या सहज बोललो की बसम्माने मान डोलावली. डॉक्टर मॅडमनी विचारले, “समजलं ना त्यांना? एकदा माझ्यासमोर करून दाखवायला सांगा.” बाहेर रांग वाढली होती. मी म्हणालो, “शब्दन्शब्द समजावला आहे. घरी मी करून घेईन.”

मशीन तिने देवळीत विभूतीच्या डबीशेजारी ठेवून दिले. कॅप्सुला गिळू लागली.

तिला उतार पडेना. ती म्हणायची, “तम्मा, हे औषध पीठ खाल्ल्यागत आहे, पोटात जातं आणि गप्प बसतं.” एका दुपारी मी एक कॅप्सूल उघडून पाहिली. आत पांढऱ्या भुकटीची चिमूट — नखावर मावेल इतकी. एवढी मोठी कॅप्सूल आणि जवळजवळ रिकामी. मला पुरावा सापडला. अर्धी रिकामी कॅप्सूल गरीब बाईच्या माथी मारली जात आहे, हे माझ्यासमोर लख्ख होते. तुम्हीच सांगा, कोणाला संशय आला नसता? — नाही, हा प्रश्न मी मागे घेतो. मला यायला नको होता; देवळीतले मशीन मी रोज जेवताना पाहत होतो.

ती भुकटी तेवढीच असायची होती. ती थेट छातीत उतरली तर तेवढी पुरते, कारण जिथे दुखणे आहे तिथेच ती पडते. पोटात गेली तर आतड्यांतून, काळजातून गाळली जाते आणि छातीशी पोहोचेपर्यंत तिच्यात काही उरत नाही. हे मला पुढे कळले. माझ्याच धंद्यात मी हे रोज लोकांना शिकवतो — अर्ज कितीही चांगला असो, त्याची मार्फत, म्हणजे जायची वाट, चुकली तर तो मेला. योग्य खिडकीतून गेलेला चार ओळींचा अर्ज काम करतो, आणि भलत्या कचेरीत टाकलेला चार पानांचा अर्ज तिथल्याच कपाटात जिरतो. औषधालाही मार्फत असते, हे माझ्या डोक्यात आले नाही.

मी तक्रार लिहिली. जिल्ह्याला, धाराशिवला. डॉक्टर मॅडम आणि औषध दुकानदार यांनी संगनमताने निकृष्ट व अर्धरिक्त कॅप्सुला देऊन एका विधवेच्या जिवाशी खेळ चालवला आहे, असा मजकूर. अर्धरिक्त हा शब्द मीच बनवला आणि त्याचा मला अभिमान होता. बसम्माचा अंगठा घेतला. ती म्हणाली, “पोरगी वाईट वाटली नाही रे मला.” मी म्हणालो, “अक्का, वाईट माणसं वाईट दिसत नाहीत.” उघडलेली कॅप्सूल पाकिटात घालून सोबत जोडली. आवारात चार जणांना मसुदा वाचून दाखवला. एका स्थानिक पेपरात त्याची चौकटही आली.

तक्रार गेली, आणि काही दिवसांतच बसम्मा भाकरी थापता थापता बाजूला कलंडली. ओठ काळे पडले होते. शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून आम्ही तिला उमरग्यातल्या एका खासगी दवाखान्यात नेले.

तिथे तिच्या नाकातोंडावर मुखवटा बसवला आणि त्यातून औषधाची वाफ सोडली. मी पायथ्याशी उभा होतो. ती वाफ आत जाऊ लागली आणि तिच्या छातीची धडपड माझ्या डोळ्यांदेखत मंदावली. खांदे खाली आले. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिले. श्वासातून आत गेलेल्या औषधाने एवढ्यात हे केले होते, आणि इतके दिवस पोटातून दिलेल्याने काही केले नव्हते. मी मूर्ख नाही. तिथेच मला कळले.

शेजारच्या खाटेवर एक ट्रकवाला होता. त्याला तिथली परिचारिका तेच मशीन शिकवत होती. तशीच कॅप्सूल. त्याने ती बसवली, फिरवली, ओठांत धरून ओढली. आत ती खडखडली. “हां, असंच,” ती म्हणाली. “गिळायची न्हाय बरं का, मागं एकानं गिळली होती.” ट्रकवाला हसला. “येडा असंल कोन तरी.”

तेवढ्यात तिथले डॉक्टर आले. वयस्कर, शांत माणूस. मी सोबत आणलेली डबी त्यांनी पाहिली, मला विचारले, “हे औषध घरी चालू होतं? मशीनमधूनच घेत होत्या ना?”

आता तुम्ही माझ्या जागी उभे राहू नका. ती जागा तुम्हाला देऊन मला मोकळे व्हायचे नाही. मी उभा होतो. बसम्माला मराठीतला प्रश्न कळला नव्हता. मुखवट्याआडून ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. धाराशिवला माझी तक्रार दाखल झालेली होती. आवारात माझे नाव झालेले होते.

“हो,” मी म्हणालो. “मशीनमधूनच. नियमित.”

त्यांनी कपाळाला आठी घातली. ओढून घेऊनही एवढा झटका येतो म्हणजे थोडे दिवस पोटातून गोळी द्यावी लागेल, म्हणाले. ही जपून घ्यायची, मनाने वाढवायची नाही, लवकर परत दाखवायला आणायचे, मग बंद कशी करायची ते ठरवू. चिठ्ठी माझ्या हातात दिली.

गोळीने बसम्माला जादू झाल्यासारखे वाटले. दम गेला. भूक वाढली. ती पुन्हा चुलीपुढे बसली आणि मला म्हणाली, “हे खरं औषध. ते तुझं पहिलं खोटं होतं, तू बरोबर ओळखलंस.” मला हे वाक्य ऐकायचेच होते. तिला परत दाखवायला मी नेले नाही. का नेले नाही? दवाखान्यात कोणीतरी कन्नड बोलणारे भेटेल, तिला सरळ विचारेल, आणि ती सरळ सांगेल, या भीतीने. गोळ्या संपल्या की त्याच जुन्या चिठ्ठीवर मीच आणून देत होतो. एका दुकानदाराने कुरकुर केली तर दुसऱ्याकडे जात होतो. लोक म्हणायचे, वकीलसाहेब सख्ख्या भावासारखं करतात. मी ऐकत होतो.

मग चौकशी आली.

आरोग्य केंद्राच्या खोलीत एक अधिकारी, त्यांचा लिपिक, डॉक्टर मॅडम, बसम्मा आणि मी. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “मी मशीन दाखवलं होतं. वापर समजावला होता. या गृहस्थांनी त्यांच्या भाषेत सांगितलं.” त्या रागावल्या नव्हत्या. माझ्याकडे अशा पाहत होत्या की मी आता बोलेन, चूक कुठे झाली ते सांगेन, आणि सगळे घरी जातील. अधिकाऱ्यांनी बसम्माला विचारायचे ठरवले. कन्नड जाणणारा दुसरा कोणी नव्हता. मलाच दुभाषी केले. तक्रार लिहिणाराच दुभाषी — यावर माझ्याशिवाय कोणालाही संशय आला नाही.

मी तिला विचारले, औषध कसे घेतलेस. ती म्हणाली, “तू सांगितलंस तसं, गरम पाण्यात गिळलं, रोज.”

मी मराठीत म्हणालो, “सांगितल्याप्रमाणे रोज घेतले.”

लिपिकाने लिहून घेतले. प्रत्येक शब्द तिचाच होता. मी फक्त काही शब्द मागे ठेवले होते. डॉक्टर मॅडमनी विचारले, “मशीनमधून?” मी म्हणालो, “हो, तेच म्हणाल्या.” त्यांनी बसम्माकडे पाहिले. बसम्मा त्यांच्याकडे पाहून हसली, हात जोडले. तिला वाटले, त्या तब्येत विचारत आहेत.

पुढे डॉक्टर मॅडम गेल्या. बदली झाली असे लोक म्हणाले. त्यांच्या कागदावर शेरा बसला असेही म्हणाले. तक्रारीमुळेच गेल्या की काय, मला माहीत नाही, आणि ते न शोधणे मला सोयीचे होते. आवारात मला चहा पाजला गेला. मी तो प्यालो.

बसम्माचा चेहरा हळूहळू गोल झाला. बोळातल्या बायका म्हणायच्या, अक्कानं अंग धरलं. हाताच्या कातडीवर कुठेही निळे डाग पडू लागले. तहान वाढली, साखर निघाली. आणि एका सकाळी तिने पिठाचा डबा उचलला, पाठीत कळ आली आणि ती तशीच वाकून राहिली. मणका दबला आहे, हाडे ठिसूळ झाली आहेत, असे सांगण्यात आले. चूल बंद झाली. सोलापूरला दिलेली तिची मुलगी महादेवी आईजवळ येऊन राहिली.

महादेवीला दोन्ही भाषा येतात.

गेल्या आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या आताच्या डॉक्टरांनी बसम्माला पाहिले. तरुण गृहस्थ. मी सवयीने सोबत गेलो होतो, पण खुर्चीवर महादेवी बसली. मी भिंतीशी उभा राहिलो. त्यांनी गोळीचे रिकामे पाकीट पाहिले आणि किती दिवस चालू आहे विचारले. मग म्हणाले, याच जातीचे औषध श्वासातून ओढले तर चिमूटभर लागते आणि बरेचसे छातीतच राहते; पोटातून घेतले की रक्तात मिसळून अंगभर फिरते — हाडात, साखरेत, डोळ्यांत, कातडीत. औषध वाईट नाही, वाट चुकली. आता गोळी एकदम सोडायची नाही, तेही धोक्याचे आहे. हळूहळू कमी करू, पण त्यासाठी आधी ओढायचे औषध सुरू करावे लागेल. आणि टेबलावर मशीन ठेवले. रंग वेगळा होता.

महादेवीने आईला सांगितले. बसम्माने मशीन पाहिले आणि हाताने मागे सारले.

“हे खोटं आहे,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “आपल्या तम्मानं धाराशिवपर्यंत सिद्ध केलंय. विचार त्याला, तो उभाच आहे.”

महादेवीने मागे वळून माझ्याकडे पाहिले. “मामा, व्हय? खरंच खोटं निघालं होतं हे?”

डॉक्टरही पाहू लागले. मी घसा खाकरला. म्हणालो, “त्या वेळी तशी तक्रार होती खरी.” खोटे एकही अक्षर नव्हते. डॉक्टर म्हणाले, “आजी, घरी विचार करा, पुढच्या आठवड्यात या.” बसम्मा वाकलेल्या पाठीने महादेवीच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडली. जाताना माझ्या दंडावर थाप मारून गेली — तू होतास म्हणून बरं, अशी.

म्हणजे ती आजही गोळीच घेते आहे. आजही तिची हाडे विरघळत आहेत, आणि ज्या भुकटीने ती वाचेल ती तिला विषासारखी वाटते. कारण मी. मागे घडून गेलेली गोष्ट मी तुम्हाला सांगत नाही. ती रोज सकाळी गोळी होऊन तिच्या वाटीत पडते आहे.

आता मघाशी जे टाळले ते लिहितो. त्या पहिल्या दिवशी खोलीत गर्दी होती, लेकरू रडत होते, हे खरे आहे. परंतु माझ्या कानांतून काहीही निसटले नव्हते. डॉक्टर मॅडमनी डबी हातात घेऊन, माझ्याकडे पाहून, सावकाश म्हटले होते — “ही कॅप्सूल गिळायची नाही.” मी ऐकले. स्पष्ट ऐकले. मला वाटले, आपल्याला हे पोर काय शिकवणार; मला वाटले, मशीन खपवायचे म्हणून असे म्हणते; मला बाहेरचे बाक आठवले. आणि माझ्या तोंडाकडे पाहत बसलेल्या बसम्माला, जिने माझ्यावाचून एक अक्षर विश्वासाने ऐकले नसते, मी त्याच्या उलट सांगितले. चूक म्हणून सांगितले असते तर ती चूक असती. मी जाणून सांगितले. त्यानंतर जे जे केले ते हे एक वाक्य झाकण्यासाठी केले.

या लेखनाबद्दलही मला शंका आहे. मी हे चांगले लिहितो आहे का, हे मी मधूनमधून तपासतो आहे. मघाशी मार्फतीचा दाखला सुचला तेव्हा मला बरे वाटले. अशा माणसाच्या कबुलीवर किती भरवसा ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. त्यात मी काही सुचवू नये.

सबब विनंती येणेप्रमाणे:

या म्हणण्याची एक प्रत धाराशिवला, जिथे पूर्वीची तक्रार दाखल आहे, तिथे त्याच प्रकरणात जोडली जावी, आणि डॉक्टर मॅडम सध्या जिथे असतील तिथे त्यांना कळवली जावी. शेरा असल्यास तो काढून माझ्या नावे नोंदवला जावा. एक प्रत आताच्या डॉक्टरांकडे दिली जावी, म्हणजे बसम्माने औषध कसे घेतले होते ते त्यांना खरे कळेल.

मूळ प्रत मी आज महादेवीच्या हातात देत आहे. तिने ती आईला कन्नडमध्ये वाचून दाखवावी — सगळी, कोणतेही वाक्य मागे न ठेवता, आणि सगळ्यांत आधी हे वाक्य, की ती कॅप्सूल खोटी नव्हती. मी समोर बसेन. मी बोलणार नाही.

बसम्मा त्यावर जे म्हणेल ते महादेवीने तिच्याच शब्दांत, तिच्याच भाषेत लिहून घ्यावे. ते काहीही असो. त्याचे मराठी करण्यास मला सांगू नये.